अंगण एक, खुराडी दोन



लावणी उरकली, हाताला जरा उसंत मिळाली, की आपल्या गटाच्या बैठकीत दरवर्षी एक विषय निघतोच. दारात कोंबड्या आहेतच, मग जोडीला चार बदकं पाळली तर? भाताचं खाचर आहे, कोंडा घरचा आहे, आणि आपल्या कोकणात पावसाळ्यात पाण्याला काही तोटा नाही. आज त्यावरच बोलायचं आहे.

कोंबड्या आणि बदकं एका अंगणात नांदतात का? नांदतात. फक्त दोघांचं पाणी वेगळं हवं आणि रात्रीचं घर वेगळं हवं. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी आजचं बोलणं सार्थकी लागलं. आम्हाला मात्र हे फुकट कळलं नाही. त्याची किंमत होती १३ पिल्लं, आणि ती आमच्या गटातल्या एका वहिनींनी मोजली.

त्या वर्षी वहिनींनी गटाच्या अंतर्गत कर्जातून ४,००० रुपये उचलले. जूनच्या मध्यावर सुधारित जातीची २० कोंबडीची पिल्लं आणली, तीन आठवड्यांची. सोबत ६ बदकाची पिल्लं. खुराडं एकच होतं, जुनं, पडवीला लागून. "दोन्ही पाखरंच ती, राहतील एकत्र," असं त्यांना सांगणाऱ्या आम्हीच होतो. दुसऱ्या खुराड्याचा खर्च वाचेल, एवढाच आमचा हिशेब. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात वहिनींची चूक कमी आणि आमची जास्त होती.

जुलैचा दुसरा आठवडा आला. पाऊस थांबायचं नाव घेईना. बदकं पाण्याच्या भांड्यात चोच बुडवायची, मान झटकायची, निम्मं पाणी खालच्या तुसावर. वरून तूस बरं दिसायचं, आत सगळा रबडा. एका सकाळी बघतात तर कोंबडीची पिल्लं पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा झालेली. विष्ठेत रक्त. आठवड्याभरात २० पैकी १३ गेली. बदकं सहाच्या सहा ठणठणीत.

सासूबाई म्हणाल्या, ही बदकंच अवलक्षणी, कापून टाका. घरधनी म्हणाले, बायकांचे उद्योग असेच असायचे. आणि वहिनींनी बैठकीला येणं सोडलं. हप्ता तोंडावर आलेला, गटात तोंड कसं दाखवायचं याची लाज. पिल्लं मेली त्यापेक्षा हे आम्हाला जास्त लागलं.

बैठकीत वाद झाला. काही जणी म्हणाल्या, हप्ता म्हणजे हप्ता, नियम सगळ्यांना सारखा. काही म्हणाल्या, मेलेल्या पिल्लांचा हप्ता कुठून आणणार ती? शेवटी ठरलं, की तीन महिने मुद्दल थांबवायचं, व्याज तेवढं चालू ठेवायचं. आणि पुढची बैठक वहिनींच्या अंगणात घ्यायची, त्या खुराड्यासमोर. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही बोलावून घेतलं.

डॉक्टरांनी खुराड्यातलं मूठभर तूस उचललं आणि मूठ आवळली. बोटांतून पाणी गळलं. मग त्यांनी जे समजावलं, ते तुम्हाला सांगतो.

या रोगाला रक्ती हगवण म्हणतात. तो होतो पोटातल्या एका सूक्ष्म परजीवीमुळे. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. तूस कोरडं असलं तर ती फारशी वाढत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली, की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना याचा धोका सगळ्यात जास्त. कोंबडीला त्रास देणारा हा परजीवी बदकाच्या पोटात वाढत नाही, म्हणून बदकं वाचली. म्हणजे रोग बदकांनी आणला नव्हता. त्यांनी ओल आणली, आणि ओलीत रोग वाढला.

तेव्हा मैत्रिणींनो, दोष बदकाचा नाही. बदक पाण्याचंच पाखरू आहे, ते पाणी सांडणारच. पाणी कुठं सांडावं, हे ठरवणं आपलं काम. ते कसं करायचं, ते आता एकेक करून बघू.

पहिली गोष्ट रात्रीच्या घराची. कोंबडीला उंचावर बसून झोपायचं असतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर बांबूची किंवा लाकडाची दांडी दिली, की ती खूश. बदक जमिनीवरच बसतं, त्याला दांडी नको. आता कुणी म्हणेल, बरंच झालं, वर कोंबड्या, खाली बदकं, एकाच घरात दोन मजले. तसं करू नका. वरची सगळी घाण खालच्यांच्या अंगावर पडते. दोन खुराडी करा, किंवा एकाच छपराखाली मधे पक्की भिंत घाला. आपल्याकडं जमीन उताराची असते, तिचा फायदा घ्या. वरची बाजू कोंबड्यांना, उताराची बदकांना. म्हणजे बदकांकडचं पाणी कधी कोंबड्यांकडं वाहणार नाही.

बदकांच्या खुराड्याला जांभ्या दगडाचा वीतभर चौथरा करा आणि वर तुसाची जाड गादी घाला. मोठ्या बदकाला रात्रीपुरती साधारण तीन ते चार चौरस फूट जागा धरा. रोज सकाळी तूस खालीवर करा, भिजलेलं काढून खतात टाका. मूठ आवळून बघायची सवय लावून घ्या. मूठ उघडल्यावर तूस सुटं झालं तर ठीक. गोळा राहिला तर त्याच दिवशी बदला.

एक फरक लक्षात ठेवा. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात. बदकं तशी येतीलच असं नाही, खाचरातच रेंगाळतात. त्यांना रोज ठरल्या वेळी, ठरलेली हाक मारून, मूठभर कणी टाकून आत घ्या. पंधरा दिवसांत हाक ओळखायला लागतात. बदक जमिनीवर झोपतं, त्यामुळं मुंगसाला आणि रानमांजराला ते आयतं सापडतं. जाळी बारीक भोकांची हवी, आणि दाराला कडी हवी. नुसता दगड टेकवून ठेवू नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. हीच सगळ्यात मोठी. बदक पाळायला तळं लागतं असं पुष्कळ जणींना वाटतं. तळं असलं तर चांगलंच, पण नसलं तरी अडत नाही. बदकाला चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडवता येतील एवढं खोल भांडं मात्र हवंच. ते नसलं तर नाकपुड्या चोंदतात, डोळे चिकटतात. जुनं पसरट टोपलं किंवा खोल घमेलं चालतं. ते बांबूच्या कामट्यांच्या चौकटीवर ठेवा. चौकटीखाली खड्डा खणा, त्यात खडी भरा, आणि तिथून एक चर काढून पाणी केळीला किंवा नारळाच्या आळ्यात सोडा. बदकांचं घाण पाणी झाडाला खत म्हणून लागू पडतं. आमच्या एका मावशींच्या अळूच्या पानांना त्या वर्षापासून गिऱ्हाईक दारात येतं.

कोंबड्यांचं पाणी लांब, दुसऱ्या कोपऱ्यात, आणि विटांवर ठेवून कोंबडीच्या पाठीइतकं उंच करा. कोंबडीच्या भांड्यात बदकाची चोच गेली, की घटकाभरात त्याचा चिखल होतो. आणि उलट काळजीही घ्या. बदकाच्या खोल भांड्यात कोंबडीचं पिल्लू पडलं तर बुडून मरतं. भांड्यात एक दगड ठेवा, म्हणजे चढून बाहेर येता येईल.

रात्री मोठ्या बदकांच्या खुराड्यात पाणी ठेवू नका, आणि मग दाणाही ठेवू नका. बदक पाण्याशिवाय दाणा खाऊ लागलं तर घशाला अडकतो. संध्याकाळी बाहेरच खायला-प्यायला घाला, मग आत घ्या. रात्रभर तूस कोरडं राहतं. लहान पिल्लांना मात्र रात्रीही पाणी लागतं. त्यांना उथळ ताटलीत द्या आणि ताटलीत गोटे घाला, म्हणजे ती आत बसून भिजणार नाहीत.

तिसरी गोष्ट खाण्याची. मोठी झाल्यावर दोघांना घरचं खाणं बरंचसं सारखंच चालतं. कणी, कोंडा, भाजीचा पाला, खाचरातले किडे. गोगलगायी म्हणजे तर बदकांची मेजवानी. पण बदकाची चोच चपटी, कोरडं पीठ तिला चिकटतं. त्याला ओलसर कालवून द्या, आणि अर्ध्या तासात संपेल एवढंच द्या. उरलेलं आंबतं. कोंबड्यांना कोरडंच घाला.

पिल्लांच्या बाबतीत मात्र फरक आहे. बदकाच्या पिल्लाला एक जीवनसत्त्व, नायसिन, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकडे होतात, पिल्लू लंगडतं आणि शेवटी बसूनच राहतं. बाजारातलं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य त्यासाठी कधी कधी अपुरं पडतं. त्यात चांगला ताजा भाताचा कोंडा मिसळा, आणि पाय अडखळताना दिसले तर लगेच डॉक्टरांना विचारून जीवनसत्त्वाचं औषध पाण्यातून द्या. कोंबडीच्या पिल्लांच्या काही खाद्यात औषध मिसळलेलं असतं. ते बदकांना घालण्याआधीही डॉक्टरांना विचारा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य कुठल्याच पिल्लाला घालू नका. त्यात चुना जास्त असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. मोठ्या माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. तो आपल्याकडं कमी नाही.

आणि बुरशी आलेला दाणा, मका किंवा शेंगदाण्याची पेंड बदकाला कधीही घालू नका. बुरशीचं विष बदकाला फार लवकर बाधतं. "माणसांना नको, घाला पाखरांना," ही आपली सवय इथं महाग पडते. पावसात पोतं जमिनीला टेकवू नका, फळीवर ठेवा.

खाचरात बदकं सोडायची तर रोपं मुळं धरल्यावर, लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सोडा. लोंबी यायला लागली की काढून घ्या, नाहीतर दाण्यावर ताव मारतील. आणि शेजारच्या खाचरात फवारणी झाली असेल तर त्या बाजूला फिरकू देऊ नका. लाज न धरता शेजाऱ्याला विचारा, "दादा, औषध कधी मारणार?"

चौथी गोष्ट पिल्लं काढायची. खाकी कॅम्पबेलसारखी अंड्यांसाठी वाढवलेली बदकं सहसा खुडूक बसत नाहीत. तेव्हा आपली गावठी कोंबडीच कामाला येते. खुडूक कोंबडीखाली बदकाची पाच-सहा अंडी बसतात, ती आकारानं मोठी असतात ना. पण दोघांची अंडी एकत्र ठेवू नका. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, बदकाचं २८ दिवसांत. एकत्र ठेवलीत तर पहिली पिल्लं निघताच कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि बाकीची अंडी थंड पडतात. कोंबडी आठवडाभर जास्त बसणार, म्हणून तिचं दाणापाणी जवळ ठेवा. शेवटच्या दिवसांत अंड्यांवर रोज कोमट पाण्याचा हलका शिडकावा करा. बदकाच्या अंड्याला दमटपणा जास्त लागतो.

पिल्लं निघाली आणि पाणी दिसलं, की ती सरळ पाण्यात. कोंबडी आई काठावर जिवाच्या आकांतानं ओरडते. बघायला गंमत वाटते, पण त्या वेळी कोंबडीचंच खरं असतं. बदकाची आई पिल्लांना पंखाखाली घेते, तेव्हा तिच्या पिसांचं तेल त्यांच्या अंगाला लागतं आणि ती भिजत नाहीत. कोंबडीखालच्या पिल्लांना ते तेल मिळत नाही. ती भिजतात, गारठतात आणि मरतात. पिसं चांगली भरेपर्यंत त्यांना खोल पाण्यात सोडू नका.

पाचवी गोष्ट जरा संकोचाची, पण सांगायलाच हवी. एका नर बदकाला पाच-सहा माद्या हव्यात. नर जास्त आणि माद्या कमी झाल्या, तर ते कोंबड्यांच्या मागं लागतात. नर बदकाचं अंग कोंबड्यापेक्षा वेगळं असतं, त्यामुळं कोंबडीला आतून इजा होते, ती मरूही शकते. कोंबडीच्या मानेची पिसं उपटलेली दिसली, ती खुराड्याबाहेर यायला घाबरू लागली, तर आधी नर मोजा. जास्तीचा नर विका. त्यात माया धरून चालत नाही.

सहावी गोष्ट रोगराईची. इथं आपला गट खरा कामाला येतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचं अख्खं खुराडं साफ करते. बदकं बहुतेक वेळा धडधाकट दिसतात, पण रोग अंगावर वागवू शकतात. म्हणून कोंबड्यांना लस चुकवू नका. पाच ते सात दिवसांच्या पिल्लांना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस, टोचून. मोठी पिल्लं विकत घेताना कोणती लस झाली आहे ते विचारून घ्या. बदकांना त्यांच्या प्लेगची वेगळी लस असते, ती आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात.

आता अडचण अशी, की लसीची एक कुपी शेकडो पाखरांसाठी असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आपल्याकडं पाखरं २०. एकटीनं कुपी आणायची तर जीव होत नाही, म्हणून पुष्कळ जणी लसच टाळतात. आम्ही वाडीतल्या सगळ्या घरांचा एक दिवस ठरवला. भल्या पहाटे, पाखरं खुराड्यात असतानाच. बर्फाच्या थर्मासमधून लस आणायची, एका टोकापासून सुरू करायचं, दोन तासांत वाडी पुरी. खर्च घरटी वाटून घेतला, तो चहा-बिस्किटाएवढा आला.

नवीन पाखरू आणलं, की दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, मगच कळपात सोडा. तळ्यावर उतरणाऱ्या रानबदकांत आपली बदकं मिसळू देऊ नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तेव्हा किती कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या ते आठवत असेल. हा रोगही बदक वरून काही न दाखवता वाहून नेऊ शकतं. एकाएकी बरीच पाखरं मेली तर ती खाऊ नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. हात लावायला नको, दवाखान्यात कळवा. लपवण्यात आपलंच नाही, सगळ्या गावाचं नुकसान आहे.

शेवटची गोष्ट पैशाची. बदकाचं अंडं साधारण ६५ ते ७० ग्रॅमचं, गावठी कोंबडीचं ४० ते ४५ ग्रॅमचं. मोठं आहे म्हणून लगेच खपेलच असं नाही. पुष्कळ घरांत बदकाचं अंडं खात नाहीत, उग्र वाटतं. म्हणून आधी गिऱ्हाईक बघा, मग बदक आणा. सुरुवातीला चार माद्या आणि एक नर पुरे. बदकं बहुतेक अंडी पहाटे आणि सकाळीच घालतात. नऊ वाजेपर्यंत त्यांना खुराड्यातच ठेवा, नाहीतर अंडी खाचरात घालतील आणि मुंगूस न्याहारी करेल. घरी खाताना बदकाचं अंडं पूर्ण शिजवूनच खा. कच्चं किंवा अर्धवट उकडलेलं नको.

आणि वही ठेवा. एका बाजूला दाणा, लस, औषध. दुसऱ्या बाजूला किती अंडी विकली, किती घरात खाल्ली. घरात खाल्लेलं अंडंही लिहा, मैत्रिणींनो. ते पोराच्या पोटात गेलं, म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. "बायकांचे उद्योग" म्हणणाऱ्यांना तोंडानं उत्तर देऊ नका, वही दाखवा.

आता वहिनींचं पुढं काय झालं? डॉक्टरांच्या औषधानं उरलेली ७ पिल्लं वाचली, त्यांत ४ तलंगा निघाल्या. गटातल्या आम्ही सगळ्या जणींनी श्रावणात दोन दिवस त्यांच्याकडं जाऊन जुन्या पत्र्याचं आणि बांबूचं दुसरं खुराडं उभं केलं. चूक आम्ही सांगितली होती, तेव्हा घाम आम्हीच गाळायला हवा होता. बदकांत ४ माद्या आणि २ नर होते, एक नर विकला. डिसेंबरात बदकं अंड्यावर आली. त्याआधीचे एक-दोन हप्ते वहिनींनी भातकापणीच्या मजुरीतून भरले, पुढचे अंड्यांतून. महिना ४०० रुपयांनी, पुढल्या वर्षी गणपतीच्या आधी शेवटचा हप्ता भरला. तो भरताना त्या स्वतः बैठकीला आल्या होत्या, आणि येताना सगळ्यांना उकडलेली अंडी आणली होती, बदकाची. सासूबाईंनी उकडून दिलेली.

तेव्हा या आठवड्याच्या बैठकीला एवढंच करा. ज्यांच्याकडं दोन्ही पाखरं आहेत त्यांच्या अंगणात बैठक घ्या. खुराड्यातलं तूस मुठीत धरून बघा. पाण्याची भांडी कुठं आहेत ते बघा. आणि लस कुणाकुणाची राहिली आहे त्याची यादी करून एक पहाट ठरवा. एखादी बाई दोन बैठका आली नसेल, तर तिच्या दारात जाऊन या. हप्ता मागायला नव्हे, खुराडं बघायला.

नमस्कार.